प्रश्न आणा, पुस्तक न्या

१४ जून

बँकेनं जानेवारीत फुकट दिलेली ही डायरी आजपर्यंत फ्रिजवर पडून होती. आज उघडली, कारण आज एक काम अंगावर घेतलंय. ते तडीस गेलं तर कसं गेलं हे कुठंतरी लिहिलेलं असावं. नाही गेलं तर डायरी माझीच आहे, कुणाला दाखवायची सक्ती नाही.

सोनपेठच्या या वाचनालयात ग्रंथपालकी करता करता माझे केस पिकले. सकाळी पेपर वाचायला म्हातारी मंडळी येतात आणि दुपारी पंख्याखाली डुलकी काढायला तीच मंडळी पुन्हा येतात. मुलं येतात ती थंड पाणी प्यायला. त्यांच्या कप्प्यात राजे, राक्षस आणि हुशार कोल्हे आहेत, तेही पानं सुटलेले. यंदा मी ठरवलं की मोठ्या मुलांना माहितीची पुस्तकं द्यायची. तारे, मुंग्या, विजेची मोटार, पोटातली आतडी, जे खरं आहे ते. नुसतं हातात कोंबून भागत नाही. मूल बघून पुस्तक निवडावं लागतं. ते मला जमतं. गावात आणखी कुणाला जमत असेल तर माझ्या ऐकिवात नाही.

पद्धतही ठरवली. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मुलांनी यायचं आणि आठवडाभरात जे पाहिलं पण कळलं नाही, त्याबद्दल एक प्रश्न विचारायचा. प्रश्नाच्या बदल्यात पुस्तक. पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिहून दारात लावलं: प्रश्न आणा, पुस्तक न्या.

आमचे हे तहसीलमध्ये कारकून. पाटी बघून म्हणाले, "पोरांना प्रश्न विचारायची सवय लावू नको. उद्या आमच्याकडं येतील."

१७ जून

काचेच्या कपाटाचं आज ठरलं. मे महिन्यात मुलांसाठी नवी पुस्तकं आली होती. रंगीत, गुळगुळीत पानांची, उघडली की कोऱ्या कागदाचा वास येतो. आमचे अध्यक्ष अनंतराव, निवृत्त हेडमास्तर, आज येऊन ती बघून गेले.

"ताई, जुलैत तपासणी आहे. सरकारकडून वाचनालयाला ब वर्ग मिळायचा असेल तर नवी पुस्तकं नवी दिसली पाहिजेत. पण तुमाला पोरांना द्यायची असली तर द्या. मी काय नको म्हणायलो नाही. जिम्मा तुमचा."

मी विचार केला. पोरांचे हात मला माहीत आहेत, तिखट लावलेल्या पेरूचे. कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. तपासणी झाली की सगळी बाहेर काढीन. तोवर जुनी काय वाईट आहेत?

२१ जून

पहिला शनिवार. मला वाटलं होतं दोघं-तिघं येतील, तर दारात चपलांचा ढीग. प्रश्न असे: म्हैस पावसात उभी राहते आणि शेळी का पळते. एसटीच्या मागच्या सीटवर जास्त का उडायला होतं. मेल्यावर नखं वाढतात का. एकानं विचारलं, गणिताच्या सरांना राग कामून येतो. त्याला म्हटलं, याचं पुस्तक नाही रे बाबा, असतं तर मीच आधी नेलं असतं. सगळी हसली.

एक मुलगी मागं उभी होती. प्रियांका, सातवीत आहे, नदीकाठच्या गावाहून एसटीनं शाळेला येते. तिचा नंबर आला तेव्हा तिनं विचारलं, "साप सारकी जीभ कामून काढायलाय, मॅडम? त्याला चव लागती का?"

असा प्रश्न ऐकला की मला आतून बरं वाटतं. तिला सापांवरचं जुनं पुस्तक दिलं, निळ्या कापडी बांधणीचं. चित्रं रेघांची आहेत आणि मधली चार पानं कुणीतरी केव्हाच लांबवलीत, पण भाषा काय देखणी आहे. काचेच्या कपाटातही सापांवरचं एक आहे, कव्हरवर फणा काढलेल्या नागाचा फोटो. पण अशा भाषेची सर त्याला कुठली.

२८ जून

जीभ बाहेर काढून साप वास घेतो, असं प्रियांकानं येऊन मलाच शिकवलं. पुस्तक आणखी आठवडाभर ठेवू का म्हणाली. ठेव म्हटलं.

जाताना ती काचेच्या कपाटापुढं बराच वेळ उभी होती, काचेला नाक लावून. कपाट पुसून मी सकाळीच चकचकीत केलं होतं. तिच्या नाकाचा ठसा पदरानं पुसला.

३ जुलै

आज बाजारात आलेली प्रियांकाची आई वाचनालयात डोकावली. राजेश्री नाव. खुर्ची दिली तर बसली नाही, उंबऱ्याशी पिशवी टेकवून तिथंच बसली. हातात मेथीची जुडी होती, ती माझ्या टेबलावर ठेवली. नको नको म्हटलं तरी ऐकेना.

"मॅडम, पोरगी रोज मला वाचून दाखवायली. मी भाकरी करते, ती वाचते. मला काय लिहिता-वाचता येत न्हाई, पर आता मला सांगा, धामणीला इख नसतंय हे गावात कोणाला म्हाईत हाय? मला म्हाईत हाय." आणि हसली. मग म्हणाली, "तिला गोष्टीची नका देऊ. गोष्टी आमच्या घरात लय हायत, सासूबाई रोज एक सांगत्यात. खरी देत जा."

जन्मभर या खुर्चीत बसून माझ्या कामाबद्दल इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं. मेथीची भाजी ह्यांना आवडली. कुणी दिली ते सांगितलं तर म्हणाले, "लाच आहे ही."

१२ जुलै

आज मी हवेत आहे. प्रियांकाच्या गावात कडब्याच्या गंजीत मोठा साप निघाला. माणसं काठ्या घेऊन जमली. ही पोर पुस्तक छातीशी धरून मध्ये घुसली आणि म्हणाली, ही धामण हाय, उंदरं खाती, मारू नका. कुणी ऐकेना तेव्हा बापानं, भागवतनं, सगळ्यांना थांबवलं. साप बांधाकडं निघून गेला. तेव्हापासून गावात कुठंही काही वळवळलं तरी पोरं हिला हाक मारतात. हे सगळं मला सिद्धोधननं सांगितलं. सिद्धोधन आमचा शिपाई, पलीकडच्याच गावचा, रोज संध्याकाळच्या गाडीनं परत जातो.

मी अनंतरावांना सांगितलं, बँकेतल्या मॅनेजरला सांगितलं, चक्कीवाल्यालाही सांगितलं. ह्यांना दोनदा सांगितलं. "पुस्तक तू दिलंस हे तिसऱ्यांदा सांगितलंस तरी चालेल," म्हणाले.

१९ जुलै

तपासणी मंगळवारी. सिद्धोधन आणि मी रजिस्टरं, शिक्के, जाळी-जळमटं यांत बुडालोय. त्यातच मुलांचा शनिवार. सगळ्यांचं पटपट उरकलं.

प्रियांका पुस्तक उघडून टेबलापाशी आली. "मॅडम, हितं लिवलंय फरक पुढल्या पानावर बघा, आन पुढलं पान न्हाई." कसला तरी फरक पुढच्या पानावर दिलाय म्हणे. मी म्हटलं, अगं, आहेत तेवढी पानं आधी पाठ कर, मग नसलेल्यांची काळजी करू. ती "बरं" म्हणून गेली. पोरगी हुशार आहे पण जरा चिकट आहे.

२२ जुलै

तपासणी पुढं ढकलली. साहेबांना दुसरीकडं जावं लागलं. चहाचं दूध जास्तीचं आणलेलं, त्याचं दही लावलं.

२ ऑगस्ट

प्रियांका आली नाही. पाऊस दोन दिवस थांबलाय, रस्ता चालू आहे, मग काय झालं कोण जाणे. एका मुलाला उल्कांवर पुस्तक दिलं. त्यानं विचारलं, पडलेली उल्का आपली की सरकारची. मुलं मोठी गमतीशीर.

३ ऑगस्ट

आज रविवार, पण सिद्धोधन घरी आला. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना.

राजेश्रीला साप चावला. गुरुवारी रात्री ती खाली अंथरुणावर झोपली होती, दंडाला काहीतरी टोचलं म्हणून उठली. उजेड लावला तर काळसर साप, अंगावर पांढरे पट्टे, भिंतीकडं चाललेला. भागवतनं काठी उचलली आणि शेजाऱ्याची गाडी मागायला पोराला पळवलं. प्रियांकानं पुस्तक आणलं, चित्राशी साप ताडून बघितला आणि सांगितलं, कवड्या आहे, बिनविषारी. दंडावर धड खूणही नव्हती, दुखतही नव्हतं. गाडी परत पाठवली. साप सोडून दिला. सगळी झोपली.

पहाटे राजेश्रीच्या पोटात कळा यायला लागल्या. मग पापण्या उघडेनात. मग बोलणं जड झालं. परभणीला नेईपर्यंत वाटेतच तिचा श्वास थांबत होता. आता मशीनवर आहे.

तो साप मण्यार होता, डॉक्टरांनी लक्षणांवरून सांगितलं. सिद्धोधन इतकंच सांगून गेला. मी चहा टाकला होता, तो आटून गेला.

४ ऑगस्ट

सकाळी लवकर जाऊन वाचनालय उघडलं. काचेचं कपाट उघडलं आणि ते नवं पुस्तक काढलं. पानं एकमेकांना चिकटलेली होती, एकेक सोडवावी लागली. मध्यावर समोरासमोर दोन फोटो आहेत. डावीकडं कवड्या, उजवीकडं मण्यार. दिसायला बहिणी-बहिणी. खाली ठळक अक्षरांत लिहिलंय की कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडं पुसट होत जातात, मण्यारीचे मानेच्या बऱ्याच मागून सुरू होतात आणि शेपटीकडं स्पष्ट होत जातात. आणि त्याखाली, चौकटीत: ओळख पटली असं वाटलं तरी चावा झाला की दवाखान्यातच जायचं, वाट बघायची नाही.

जुन्या पुस्तकात काय होतं ते मला आता आठवतंय. कवड्याचं वर्णन, मग 'याच्यासारखाच दिसणारा विषारी साप आहे, फरक पुढील पानावर पाहावा', आणि उलटलं की एकदम अजगर.

अनंतरावांनी कपाटाला कुलूप लावायला लावलं नसतं तर हे पुस्तक जूनमध्येच त्या पोरीच्या हातात असतं. तपासणी, तपासणी. त्या ब वर्गाच्या हौसेपायी हे झालं. ह्यांना तसं म्हटलं, तर नेहमीसारखं चेष्टेनं काही बोलले नाहीत. म्हणाले, "किल्ली कुणाकडं होती?" मला इतका राग आला की मी ताट तसंच ठेवून उठले.

८ ऑगस्ट

परभणीला जाऊन आले. अतिदक्षता विभागाच्या बाहेर फरशीवर भागवत बसला होता, शेजारी त्याची आई चतुराबाई, आणि भिंतीला टेकून प्रियांका. अंगावर शाळेचा ड्रेस. आठवडाभर तोच असावा.

राजेश्रीला काचेतून बघितलं. नळी, पट्ट्या आणि मिटलेले डोळे. मेथीची जुडी ठेवणारे हात चादरीवर उघडे पडले होते.

भागवत मला म्हणाला, "मॅडम, मी गाडी बोलावलीच होती. ह्या पोरीनं सांगितलं आन मी गाडी परत लावली. धामणीच्या वक्ताला बरुबर निघालं होतं की तिचं. म्हणून ऐकलं." तो पोरीवर ओरडत नव्हता. तिच्याकडं बघतही नव्हता. चतुराबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "पुस्तकानं घर बुडिवलं."

प्रियांका म्हणाली, "मीच चुकले." मास्तरांनी विचारलं की हजेरी द्यावी तसं म्हणाली. मला वाटलं, ही आता पानाचं सांगणार. मी वाट बघत उभी राहिले. ती पुढं काहीच बोलली नाही.

बोलायचं मी होतं. पान नव्हतं, तिनं ते मला दाखवलं होतं, मी तिला वाटेला लावलं होतं. एवढी तीन वाक्यं. मी पिशवीतून बिस्किटांचे पुडे काढून दिले आणि बसस्टँडवर आले.

१६ ऑगस्ट

मुलं आली होती. मी डोकं दुखतंय म्हणून परत पाठवली. एक चिमुरडी म्हणाली, "डोकं कामून दुखतंय याचं पुस्तक हाय का?"

राजेश्रीचं मशीन काढलं. श्वास आपला आपण घेते. डॉक्टर म्हणतात, वाटेत मेंदूला हवा कमी पडली, बाकीचं हळूहळू बघू. सिद्धोधन सांगतो आणि मी ऐकते. सांगून झालं की तो झाडू घेऊन बाहेर जातो. त्याला काय वाटत असेल हे विचारायचा मला धीर होत नाही.

२३ ऑगस्ट

प्रियांका आली. निळं पुस्तक परत करायला. कागदात नीट गुंडाळून आणलं होतं. आईला घरी आणलंय म्हणाली. बसते, खाऊ घातलं तर खाते, बोलत नाही.

पुस्तक ठेवून ती काचेच्या कपाटापाशी गेली. या वेळी नाक लावलं नाही, हातभर अंतरावर उभी राहिली. नागाच्या फोटोकडं बोट करून विचारलं, "हे कधी आलं, मॅडम?"

मी म्हटलं, "परवाच."

कसं तोंडातून गेलं कळलं नाही. ती माझ्याकडं बघत होती. मग पटकन मान हलवली आणि "बरं" म्हणाली. तिला पटलं याचं मला बरंच वाटलं. निदान आणखी एक ओझं तिच्या डोक्यावर नको. आधीच होतं हे कळलं असतं तर पोर किती हळहळली असती.

तिनं दुसरं पुस्तक मागितलं नाही. मीही सुचवलं नाही.

१० सप्टेंबर

तपासणी अखेर झाली. साहेब काचेच्या कपाटापुढं उभे राहिले आणि म्हणाले, "वा, बालविभाग किती जपून ठेवलाय." ब वर्गाची शिफारस करणार म्हणाले. अनंतरावांनी पेढे मागवले. मला एक हातात दिला, तो मी रुमालात बांधून घरी आणला आणि तसाच फेकला.

अनंतराव जाताना म्हणाले, "आता काढा ताई सगळी बाहेर. तुमाला आधीच काढायची होती ना?" वाईट मनानं म्हणाले नाहीत ते.

१४ सप्टेंबर

गेले शेवटी. सकाळच्या गाडीनं, पर्समध्ये ते नवं पुस्तक घेऊन. रात्रभर वाक्यं जुळवली होती. सगळ्या वाक्यांत अनंतराव होते.

राजेश्री ओसरीत बाजेवर बसली होती, पाठीशी उशी. केस कुणीतरी घट्ट विंचरले होते. मी समोर बसले तेव्हा तिचे डोळे माझ्याकडं फिरले आणि तिथंच राहिले. ओळखलं की नाही कळेना. चतुराबाई आतूनच म्हणाल्या, "पुस्तकाचं नाव काडू नका ह्या घरात, बाई."

भागवतला म्हटलं, मला सांगायचंय. अध्यक्षांचं नाव जिभेवर आलंच होतं, पण राजेश्री बघत होती. मग जसं होतं तसं सांगितलं. पुस्तकातली पानं नव्हती. पोरीनं ते मला दाखवलं होतं, मी तिकडं दुर्लक्ष केलं. पूर्ण असलेलं पुस्तक कपाटात होतं आणि किल्ली माझ्याकडं होती, कुणी मला अडवलं नव्हतं. प्रियांकाची काही चूक नाही.

भागवत खाली मान घालून ऐकत होता. मला वाटलं ओरडेल, आणि खरं सांगायचं तर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मंग आता मी काय करू, मॅडम? तुमी सांगा."

तो उठून गोठ्याकडं गेला.

थांब्यापर्यंत प्रियांका सोबत आली. मी तिला म्हटलं, "त्या दिवशी मी तुला खोटं सांगितलं. ते पुस्तक परवा आलेलं नव्हतं."

"मला म्हाईत होतं."

"कधीपासून?"

"जूनपासून. काचेतून दिसायचं की. नागाचा फोटो. मी दर शनवारी बघत होते."

"मग मला विचारलंस कशाला?"

"तुमी काय सांगताव ते बघायचं होतं." रागानं नाही म्हणाली. चप्पल चिखलात रुतली होती ती काढत होती.

मी विचारलं, पान नव्हतं हे घरात का नाही सांगितलं? मीच चुकले म्हणून तूच का पुढं झालीस?

"सांगितलं असतं तर लायब्ररीत येऊ दिलं नसतं."

"आता येऊ देतात?"

"आता बी न्हाई देत."

मी तिचा हात धरला. तिनं धरू दिला, पण तिचा हात नुसताच माझ्या हातात होता. गाडी दिसायला लागली तेव्हा ती म्हणाली, "आज शनवार न्हाई. पर एक विचारू का?"

"विचार."

"आईचं बोलणं माघारी येतंय का? आन कधी? हे कोणत्या पुस्तकात हाय?"

मी म्हटलं, "असं पुस्तक नाही, बाळा, माझ्याकडं."

"काचेच्या कपाटात बी?"

"त्यातही नाही." हे खरं होतं. शोधून झालं होतं माझं.

ती म्हणाली, "मंग दुसरं कोणतं बी द्या. सिद्धोधनदादाजवळ द्या, आजीला दिसू न देता मी घेईन. आईला वाचून दाखवते. ती ऐकती, मॅडम. मी वाचायले की माझ्याकडं बघती." गाडी थांबली. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा तिनं मागून सांगितलं, "पर खरंच द्या. गोष्टीचं नको."

पर्समधलं सापाचं पुस्तक पर्समध्येच राहिलं. ते तिला कसं देणार होते मी?

२० सप्टेंबर

शनिवार. काचेचं कपाट सताड उघडं ठेवलंय, सगळी पुस्तकं टेबलावर मांडली. मुलांनी पेरूच्या हातांनी ती हवी तशी उचलली. मी कुणाला काही सुचवलं नाही, ज्याचं त्यानं घेतलं. पाटी काढावी असं दोनदा वाटलं, पण सिद्धोधनच्या समोर काढवेना.

दुपारभर प्रियांकासाठी पुस्तक निवडत बसले. शरीराचं उचललं, त्यात मेंदूचं चित्र आहे, ठेवलं. ताऱ्यांचं उचललं. आई अशी बसलेली असताना ताऱ्यांचं काय करेल ती? पक्ष्यांच्या पुस्तकात एका पानावर पिल्लं चोच उघडून बसलीत, घास भरवणारी आई. मिटलं. नदीच्या पुस्तकात पूर आहे. मुंग्यांच्या पुस्तकात काही वाईट नाही, पण राजेश्री ऐकताना तिच्याकडं बघत असेल आणि मध्येच काहीतरी निघालं तर? प्रत्येक पुस्तकाचं प्रत्येक पान मी उलटून बघितलं, सगळी पानं होती. तरी एकही पुढं करवेना. मूल बघून पुस्तक निवडणं मला जमतं, असं मी म्हणत असे.

सिद्धोधन पिशवी खांद्याला लावून टेबलापाशी येऊन उभा राहिला. "द्यायलाव का, मॅडम? गाडी लागली असंल." मी म्हटलं, थांब जरा. तो थांबला. नंतर त्यानं घड्याळाकडं बघितलं आणि माझे हात रिकामेच बघून हळूच दार ओढून घेऊन निघून गेला.